घरी काम केल्यावर पुन्हा पुन्हा बिघडणारा क्लच: प्ले कमी होतो की वाढतो?

गाडीचे ऑइल घरीच बदलले, क्लच वायर नवी टाकली किंवा हौसेने क्लच प्लेटाही स्वतःच बसवल्या आणि त्यानंतर आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने क्लच पुन्हा पुन्हा कुरकुरू लागला, अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एखाद्या वेळी क्लच बिघडला तर वायरीचा ताण कमी-जास्त करणाऱ्या ॲडजस्टरचे दोन आटे फिरवून काम भागते. तेच दोन आटे दर रविवारी फिरवावे लागत असतील, तर दोष ॲडजस्टरच्या पलीकडे कुठेतरी आहे आणि आपण तो फक्त झाकत आहोत, असे समजावे.

मी स्वतः या चुकीतून गेलो आहे. एप्रिल महिन्यात, म्हणजे सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या वर जायला लागतो त्या दिवसांत, मी माझ्या १२५ सीसीच्या गाडीचे ऑइल आणि क्लच वायर अंगणात बसून बदलली. लिव्हर हाताला घट्ट आणि नेमका लागावा म्हणून वायर अशी ताणली की लिव्हरला मोकळी हालचाल जवळजवळ उरलीच नाही. पहिले चार दिवस गाडी छान चालली. पुढे लिव्हर अधिकच ताठ लागू लागला म्हणून वायर थोडी ढिली केली. आठवड्याने पुन्हा केली. त्यानंतर तिसऱ्यांदा केली. मे महिन्यात मुलाला मागे बसवून तुळजापूरला निघालो. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे आणि शेवटच्या टप्प्यात घाट लागतो. त्या चढणीवर इंजिन नुसते ओरडू लागले, गाडीचा वेग मात्र कमी होत गेला आणि जळका वास नाकात शिरला. परत येऊन आमच्या भागातल्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी लिव्हर दोन बोटांनी हलवून पाहिला, ॲडजस्टर किती आत गेला आहे ते पाहिले आणि म्हणाले, “मालक, वायर ढिली करून झिजलेली प्लेट जाड होत नसते.”

त्यांच्या या एका वाक्यात निदानाची निम्मी पद्धत सामावलेली आहे. ती समजण्यासाठी क्लचची रचना थोडक्यात पाहावी लागेल. येथे जे सांगत आहे ते ऑइलमध्ये बुडालेल्या, अनेक प्लेटांच्या आणि वायरीने चालणाऱ्या क्लचविषयी आहे. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक मोटारसायकलींत हाच असतो. स्कूटरचा क्लच वेगळ्या तऱ्हेचा असतो. जुन्या बीडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये क्लच डाव्या बाजूच्या स्वतंत्र कव्हरमध्ये असतो आणि त्याचे ऑइलही वेगळे असते, त्यामुळे पुढील ऑइलविषयीचा भाग त्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही.

क्लचमध्ये घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा आणि साध्या लोखंडी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर ओढला की वायर इंजिनावरचा छोटा दांडा ओढते, आतली यंत्रणा स्प्रिंगांचा दाब उचलते आणि प्लेटा मोकळ्या होतात. लिव्हर सोडलेला असताना या यंत्रणेवर कसलाही ताण असता कामा नये. तो नाही याची खात्री म्हणजेच लिव्हरच्या टोकाशी जाणवणारी मोकळी हालचाल, ज्याला सगळे जण ‘प्ले’ म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत पाहावा. इंजिन थंड असताना लिव्हरच्या टोकाला पट्टी धरून तो मोजायचा. ‘हाताला बरा लागतो’ हे मोजमाप नव्हे.

आता मुख्य मुद्दा. प्लेटा झिजल्या की त्यांची थप्पी पातळ होते, दाब देणारे भाग त्या प्रमाणात सरकतात आणि त्यामुळे प्ले कमी होतो. वायर वापरून लांबली, तिचे धागे तुटू लागले, तिचे आवरण दबले किंवा ॲडजस्टर जागेवर धरणारा लॉक नट ढिला राहिला, तर प्ले वाढतो. म्हणजे एकाच लिव्हरवर दोन वेगळे दोष उलट दिशांनी स्वतःची नोंद करत असतात. म्हणून कोणताही पाना हातात घेण्यापूर्वी प्ले मोजून तारखेसह कागदावर लिहावा, ॲडजस्टरला हात न लावता दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा मोजावे. मी हे केले असते तर दुसऱ्याच आठवड्यात कळले असते की माझा प्ले सतत कमी होतो आहे, म्हणजे प्लेटा जळत आहेत. नवीन वायर सुरुवातीला थोडी बसते आणि एकदा ॲडजस्ट करावी लागते, हे खरे. पण तेव्हा प्ले वाढतो. नवीन वायर टाकल्यावर प्ले कमी होत असेल तर त्याचे खापर वायरीवर फोडता येत नाही.

माझ्या प्लेटा का जळल्या, तेही सांगितले पाहिजे. थंड इंजिनावर मी प्ले जवळजवळ शून्य ठेवला होता. इंजिन तापल्यावर त्याचे भाग प्रसरण पावतात आणि उरलीसुरली ढिलाईही संपते. मग लिव्हरला हात न लावताही स्प्रिंगा किंचित उचललेल्या राहतात, प्लेटा पुऱ्या दाबल्या जात नाहीत, घासतात, तापतात आणि झिजतात. झिजल्या की प्ले आणखी कमी होतो. हे चक्र एकदा सुरू झाले की वायर ढिली केल्याने ते मंदावते, पण अस्तर एकदा जळून काचेसारखे गुळगुळीत झाल्यावर त्याची पकड परत येत नाही. लिव्हरवर दोन बोटे कायम ठेवून गाडी चालवण्याची सवय हेच काम करते, फक्त थोडे सावकाश.

स्लिप आणि ड्रॅग यांत गल्लत नको

‘क्लच बिघडला’ या शब्दांत दोन परस्परविरोधी तक्रारी असतात. पहिली म्हणजे क्लच पकडत नाही, अर्थात स्लिप होतो. दुसरी म्हणजे क्लच सुटत नाही, अर्थात ड्रॅग होतो. एकीवरचा उपाय दुसरीवर केला तर बिघाड वाढतो.

स्लिप तपासायची असेल तर मोकळ्या, सरळ रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या आसपास गाडी चालवून एकदम थ्रॉटल द्यावा. इंजिनाचा आवाज आधी चढला आणि वेग मागून सावकाश आला, तर क्लच स्लिप होतो आहे. चढणीवर आणि डबल सीट असताना हे आधी दिसते. सोलापूर शहरात मोठी चढण नसल्यामुळे हा दोष आपल्याकडे बरेच दिवस लपून राहतो. ॲव्हरेज कमी होणे ही त्याची आधीची खूण असते, पण तेव्हा आपण कार्ब्युरेटर नाही तर पेट्रोल पंपावर संशय घेतो.

ड्रॅगची लक्षणे वेगळी आहेत. लिव्हर पूर्ण ओढूनही पहिला गिअर टाकताना गाडी पुढे झेपावते, सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, गिअर खडखडत पडतात. येथे एक सावधगिरी बाळगावी: सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना होणारा एखादा ‘खट्’ आवाज हा दोष नाही, कारण रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा थंड ऑइलमुळे एकमेकींना चिकटलेल्या असतात. मेन स्टँडवर गाडी लावून, क्लच ओढून गिअर टाकल्यावर मागचे चाक थोडे फिरणेही स्वाभाविक आहे. मात्र इंजिन तापल्यानंतरही ते ब्रेकला दाद न देता फिरत राहिले, तर क्लच सुटत नाही असे समजावे.

ऑइल: बाटलीवरची छोटी अक्षरे

घरी ऑइल बदलल्यानंतर लगेच स्लिप सुरू झाली असेल, तर क्लच उघडण्यापूर्वी रिकामी बाटली शोधून काढावी. मोटारसायकलीत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल पुरते, म्हणून त्या ऑइलने एकीकडे घर्षण कमी करायचे आणि क्लचमध्ये मात्र ते टिकवायचे, अशी दुहेरी अपेक्षा असते. जपानच्या ‘जासो’ या मानकात यासाठी वर्ग ठरवलेले आहेत. ‘एमए’ आणि त्यातला ‘एमए-२’ हे ओल्या क्लचसाठी, तर ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल ज्यांचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो अशा स्कूटरसाठी असते. घरातल्या स्कूटरसाठी आणलेली बाटली गाडीत ओतली गेली, किंवा कारसाठी आणलेले, इंधन वाचवणारे पातळ ऑइल ‘महाग आहे म्हणजे चांगलेच असणार’ या समजुतीने वापरले, तर त्यातील घर्षण कमी करणारी द्रव्ये प्लेटांच्या अस्तरात मुरतात. तीच गोष्ट इंजिन गुळगुळीत चालवण्याचे आश्वासन देणाऱ्या, वरून ओतायच्या द्रव्यांची.

अशा वेळी ते ऑइल ताबडतोब काढावे, योग्य वर्गाचे भरावे, दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावे आणि शक्य असल्यास तेही पुन्हा एकदा बदलावे. स्लिप लवकर लक्षात आली असेल तर प्लेटा बहुधा वाचतात. जळका वास येऊन गेला असेल तर वाचत नाहीत, आणि त्या पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

ऑइलचे प्रमाणही पाहावे. गरजेपेक्षा जास्त भरले तर क्लच त्यात जास्त बुडून फिरतो, फेस होतो आणि क्लच जड सुटतो. गाडी सपाट जागी सरळ उभी करून, काही मिनिटे चालवून बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून पातळी पाहायची. ज्या गाड्यांत काडी असते, त्यांपैकी अनेकांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते; फिरवून बसवली तर काडी जास्त खोल जाते, पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि प्रत्यक्षात ऑइल कमी भरले जाते.

प्लेटा स्वतः बसवल्या असतील तर

माझी गोष्ट येथे पुन्हा सुरू होते, कारण शहाणपण सुचूनही मी दुसरी चूक केलीच. नवीन प्लेटा आणल्या आणि बसवल्या. स्लिप गेली, पण सात रस्त्याच्या सिग्नलला न्यूट्रल सापडेना आणि प्रत्येक गिअर खडखडत पडू लागला. प्लेटा चुकीच्या मिळाल्या असे धरून मी साइड कव्हर पुन्हा उघडले, एक पॅकिंग वाया घालवले आणि आत सर्व काही जागच्या जागी असल्याचे पाहून चक्रावलो. खरे कारण बाहेरच होते. जुन्या, पातळ झालेल्या प्लेटांसाठी मी वायर ढिली करत नेलेली होती. नवीन जाड प्लेटा आल्यावर प्ले आपोआप वाढला आणि लिव्हर पूर्ण ओढला तरी दांडा पुरेसा फिरेना. म्हणजे प्लेटा बदलल्यावर ॲडजस्टर पहिल्यापासून बसवणे हा त्या कामाचाच भाग आहे. हँडलवरचा ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत फिरवावा, इंजिनाकडच्या मोठ्या ॲडजस्टरने प्ले ढोबळमानाने आणावा, मग हँडलवरून बारीक जुळवावा आणि दोन्हीकडचे लॉक नट आवळावेत.

प्लेटा विकत घेताना शब्दांचा एक घोळ होतो. पुस्तिकेत ‘प्रेशर प्लेट’ म्हणजे स्प्रिंगांच्या जोरावर थप्पीला दाबणारा ॲल्युमिनियमचा भाग; दुकानात मात्र पुष्कळदा थप्पीतल्या लोखंडी प्लेटांनाच प्रेशर प्लेट म्हणतात. म्हणून काउंटरवर जुना नग दाखवून मागणी करणे चांगले.

आतल्या कामात ज्या चुका मागाहून वारंवार त्रास देतात, त्यांत पहिली म्हणजे कोरड्या प्लेटा बसवणे. नवीन अस्तराच्या प्लेटा गाडीत वापरायच्याच ऑइलमध्ये काही तास, जमल्यास रात्रभर, भिजवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही किलोमीटरमध्येच त्या जळू शकतात. दुसरी चूक क्रमाची. थप्पीत सुरुवात आणि शेवट सहसा अस्तराच्या प्लेटेने होतो, पण काही गाड्यांत सर्वांत आतली किंवा सर्वांत बाहेरची प्लेट आकाराने थोडी वेगळी असते, तर काहींत शेवटच्या प्लेटेचे कान (कडेचे बाहेर आलेले तुकडे) हाउसिंगच्या, म्हणजे थप्पी ज्यात बसते त्या बाहेरच्या भांड्याच्या, वेगळ्या, उथळ खाचेत बसवायचे असतात. उघडताना मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवला तर हा प्रश्न उरत नाही. लोखंडी प्लेटांची एक कड धारदार आणि दुसरी किंचित गोल असते. सर्वांची धार एकाच बाजूला ठेवावी. त्यांच्यावर निळसर डाग असतील तर त्या तापून गेलेल्या आहेत. सपाट काचेवर ठेवून पाहिल्यावर एखादी डुगडुगली तर ती वाकलेली आहे, आणि अशी एकच प्लेट संपूर्ण क्लचला सुटू देत नाही.

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. हब (थप्पीच्या मधोमध असणारा भाग) आणि दाब देणाऱ्या भागाचे दाते किंवा खाचा एकमेकांत नीट न बसता एकमेकांवर टेकतात; बोल्ट व्यवस्थित आवळले जातात, बाहेरून सर्व ठीक दिसते, पण थप्पी दाबलीच जात नाही. बोल्ट आवळून झाल्यावर प्रत्येक प्लेट बोटाने हलवून पाहावी. एखादी जरी हलली तर सर्व पुन्हा उघडावे. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे असतात. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेले तर दाब तिरका पडतो आणि क्लच धरताना गाडी थरथरते. हे बोल्ट लहान असतात आणि साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर एवढाच जोर त्यांना पुरतो. लांब टॉमी लावून ताकद दाखवली तर हबचा ॲल्युमिनियमचा खांबच तुटतो, आणि मग प्लेटांपेक्षा हब महाग पडते. स्प्रिंगा बदलायच्या तर पूर्ण संच बदलावा.

नवीन प्लेटा, योग्य ऑइल आणि बरोबर प्ले असूनही ड्रॅग कधी होतो, कधी होत नाही, अशी तक्रार असेल तर हाउसिंगच्या बोटांकडे, म्हणजे त्याच्या खाचांमधल्या उभ्या पट्ट्यांकडे, पाहावे. प्लेटांचे कान वर्षानुवर्षे आपटून त्या बोटांवर खाचा पाडतात आणि प्लेटा सरकताना त्या खाचांत अडकतात. खाचा अगदी उथळ असतील तर बारीक कानसीने साफ करता येतात, खोल असतील तर हाउसिंगच बदलावे लागते. त्यासाठी मधला मोठा नट काढावा लागतो, आणि त्याकरिता योग्य गोटी पाना व हब धरून ठेवणारे साधन हवे. स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो नट उघडण्याचा प्रयत्न मी करणार नाही आणि कोणी करावा असेही मला वाटत नाही. हे काम मेस्त्रींचे आहे.

प्ले वाढत असेल तर

ही बाजू सोपी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या एका ओळखीच्या काकांनी वायरिंगच्या कामासाठी पेट्रोलची टाकी काढून परत बसवली आणि तेव्हापासून त्यांचा क्लच सकाळी एक तर संध्याकाळी दुसराच असायचा. हँडल डावीकडे वळवले की प्ले संपायचा, उजवीकडे वळवले की दुप्पट व्हायचा. वायर तिच्या मूळ मार्गाने न जाता टाकी आणि फ्रेम यांच्यामध्ये दबली होती. म्हणून टाकी किंवा हेडलाइट खोलला असेल तर मेन स्टँडवर हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून प्ले तोच राहतो का, एवढे पाहिले तरी पुरते.

त्यानंतर लिव्हरमधली वायरीच्या टोकाची गोळी काढून तिच्याजवळचे धागे पाहावेत. एखादा धागा जरी तुटून उभा राहिला असेल तर वायर बदलावी, कारण ती रस्त्यात तुटण्यापूर्वी एवढीच सूचना देते. लिव्हरच्या खिळीचा बोल्ट झिजून लिव्हर वर-खाली हलत असेल तर तोही प्ले खातो. हँडलवरच्या ॲडजस्टरचे बरेचसे आटे बाहेर आलेले असतील तर ते तेथेच वाकतात. तेवढे अंतर इंजिनाकडच्या ॲडजस्टरला द्यावे. साध्या वायरीत वरून इंजिन ऑइलचे थेंब सोडावेत. ग्रीस भरू नये. त्याला धूळ चिकटते, आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवर धुळीला तोटा नसतो.

नवीन प्लेटा बसवून माझ्या गाडीचे आता सुमारे तीन हजार किलोमीटर झाले आहेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर प्ले १५ मिलिमीटरचा १३ झाला, कारण नवीन अस्तर सुरुवातीला थोडे बसते. तो एकदाच जुळवून घेतला. त्यानंतरच्या चारही नोंदी १५ च्या आहेत. तो कागद टूलकिटच्या पिशवीत ठेवला आहे, पट्टीसकट.